आईबाबांच्या लग्नाच्या ५०व्या वाढदिवसाला २५ जणांचं क्रूझ बुकिंग, पैसे कसे गोळा करायचे आणि कोणाच्या नावावर बुक करायचं?

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. हॉल घेऊन जेवणावळ घालायची असं आधी ठरलं होतं पण बाबाच म्हणाले की जेवण काय दोन तासात संपतंय, लोक पाकीट देऊन निघून जातात, कुणाशी धड बोलणं पण होत नाही. त्यांनी आयुष्यभर मिलमध्ये काम केलंय आणि समुद्र पाहिलाय तो फक्त गेटवेवरनं. म्हणून आम्ही तिघा भावंडांनी मुंबईहून निघणारी गोव्याची क्रूझ घ्यायचं मनात धरलंय, दोन-तीन रात्रीची.

माणसं अशी : आईबाबा २, आम्ही तिघं भावंडं आपापल्या फॅमिलीसकट १२, काका-काकू २, आत्या एकटी, आणि बाबांचे मिलमधले चार मित्र जोडीनं म्हणजे ८. एकूण २५. आईबाबांचा खर्च आम्ही भावंडं करणार, बाकीचे आपापला देतो म्हणालेत.

आता अडचण अशी की सगळे तोंडानं हो हो म्हणालेत पण पैसे कुणीच दिले नाहीत आणि ज्यांना विचारलं ते एजंट म्हणतात आत्ता अर्धे भरा नाहीतर रेट वाढणार. सगळं माझ्या एकट्याच्या नावावर बुक करू का? कुणी ऐनवेळी नाही म्हणालं तर काय होतं? वेबसाइटवरनं स्वतः करावं का एजंटकडनं? आणि आत्या बोटीचं नाव काढलं की घाबरते, तिचं काय करावं ते पण सांगा. कुणी सोलापुरातनं एवढी माणसं घेऊन गेलंय का? मनापासून विचारालोय, चूक झाली तर पैशापेक्षा नाती बिघडतील याचीच काळजी वाटते.

सैफुलवाला

आम्ही १९ जण गेलो होतो, त्यात मी जे भोगलं ते सांगतो म्हणजे तुम्हाला उपयोग होईल. माझ्या एका नात्यातल्याच माणसाच्या ओळखीनं एजंट धरला, त्यानं सांगितलं आज रात्री बारापर्यंतच ऑफर आहे, मी घाईघाईत सगळ्यांचे पैसे माझ्या खात्यातनं त्याच्या पर्सनल नंबरवर टाकले, पावती म्हणून फक्त व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. नंतर तीन माणसं गळाली. एकाच्या सासूचं ऑपरेशन निघालं, दोघांना सुट्टी नाही मिळाली. खरी कारणं होती, कुणाला दोष देता येत नाही. पण एजंट म्हणाला तिघांचे पैसे परत नाहीत आणि नावं पण बदलता येणार नाहीत. बोटीवर चढल्यावर कळलं की आमच्या केबिन तीन वेगवेगळ्या मजल्यांवर आणि दोन टोकांना. माझी आई एका बाजूला नि मी दुसऱ्या बाजूला. आणि त्या तिघांचे पैसे मी कसे मागू? माझा चुलतभाऊ अजून माझ्याशी मोकळं बोलत नाही, चार वर्षं झाली.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, ज्याचे पैसे आले त्याचीच केबिन. तुम्ही दुसऱ्याच्या वाटणीचा एक रुपया पण आधी भरू नका, भाऊ असला तरी.

आणि पैसे भरल्यावर कंपनीचा बुकिंग नंबर मागून घ्या. तो नंबर घेऊन कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन लावायचा, किती केबिन कुणाच्या नावावर आहेत ते विचारायचं. मी हे केलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

होटगीरोड_प्रवास

मी या धंद्यात १४ वर्षं आहे त्यामुळे आतली पद्धत कशी असते ते सांगतो, तुम्हाला तिकीट विकायला आलेलो नाही.

क्रूझमध्ये माणसं मोजत नाहीत, केबिन मोजतात. बहुतेक कंपन्यांकडे साधारण ८ केबिन किंवा १६ माणसांपासून ग्रुप धरतात. तुमच्या १० केबिन होतात, म्हणजे तुम्ही ग्रुपमध्ये बसता, मग एकेक तिकीट वेबसाइटवरनं काढू नका, कंपनीच्या ग्रुप डेस्कला मेल करा किंवा एजंटला सांगा की मला ग्रुप ब्लॉक पाहिजे. ब्लॉक म्हणजे ठराविक रेटनं केबिन तुमच्यासाठी राखून ठेवतात आणि त्याला तारखा असतात : टोकन कधीपर्यंत, नावं कधीपर्यंत, पूर्ण पैसे कधीपर्यंत. पहिल्या तारखेच्या आत नको असलेल्या केबिन सोडून देता येतात, बहुतेक वेळा कापाकापी न होता. तुमच्या सगळ्या काळजीचं औषध या तारखेत आहे. ती लेखी घ्या. जो एजंट तारखा लिहून देत नाही आणि नुसतं रेट वाढणार म्हणून घाई करतो त्याला हात जोडा.

रेट नेहमी एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी सांगतात. त्याच केबिनमधला तिसरा-चौथा माणूस बराच स्वस्त पडतो. एकटा माणूस असला तर त्याला जवळजवळ दोघांचे पैसे पडू शकतात, कारण रिकामी जागा पण त्याच्याच नावावर धरतात. म्हणून आत्याबाईंना एकटी केबिन देऊ नका. तुमची किंवा भावाची मुलगी मोठी असेल तर तिला आत्याबरोबर ठेवा, आत्याला सोबत पण होईल.

आता फुकट जागेबद्दल. बऱ्याच कंपन्या १५ जणांनी पैसे भरले की १६वी जागा फुकट देतात. पण त्यात केबिनमधले पहिले दोघेच मोजतात, तिसरे-चौथे मोजत नाहीत. म्हणजे तुमच्या १० केबिनचे २० धरले तर एक जागा मिळेल. आणि फुकट म्हटलं तरी पोर्ट चार्जेस नि टॅक्स त्या माणसाचे भरावेच लागतात. ती जागा कुणाची हे आधीच ठरवा. माझ्या मते तिचे पैसे सगळ्यांत वाटून कमी करावेत किंवा आईबाबांच्या केकला नि सजावटीला लावावेत, पण सगळ्यांना सांगून. न सांगता आयोजकानं ठेवून घेतली आणि नंतर कळलं तर फार वाईट दिसतं, मी असे ग्रुप फुटलेले पाहिलेत.

कोटेशन घेताना विचारा की यात पोर्ट चार्जेस, जीएसटी, सर्व्हिस चार्ज सगळं धरलंय का. जाहिरातीतला आकडा नि शेवटचा आकडा यात बराच फरक पडतो. हवामान खराब झालं आणि बोट एखाद्या बंदरात लागलीच नाही तर साधारण त्या बंदराचे चार्जेसच परत मिळतात, तिकीट नाही, हे पण सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

जुळे_सोलापूर_ताई

दादा तुमचा विचार फार आवडला. आम्ही आमच्या भिशीतल्या १२ जणी नि नवरे मिळून मागच्या वर्षी गेलो. पैशाचं आम्ही असं केलं की क्रूझसाठी वेगळी भिशीच लावली. दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम, एक वही, सगळ्यांच्या सह्या, आणि भिशीसारखं उचलायचं नाही तर दोघींच्या जॉइंट खात्यात साठवायचं. एकरकमी आकडा ऐकला की माणूस बिचकतो, तोच महिन्याला तोडून दिला की जड जात नाही. तुमच्या हातात अजून बरेच महिने आहेत.

बाबांच्या मित्रांबद्दल एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नका. मिलमधल्या लोकांची पेन्शन किती असते तुम्हाला माहितीय. चारचौघात ‘येणार ना’ म्हटल्यावर कुणी नाही कसं म्हणेल? व्हॉट्सॲप ग्रुपवर पैशाचं विचारू नका. एकेकाच्या घरी जा, चहा घ्या, काकूंशी पण बोला, खरा आकडा सांगा आणि नाही म्हणायला जागा ठेवा. सगळ्यांनी बाल्कनीची केबिन घ्यायची असं काही नसतंय. आतली केबिन, जिला खिडकी नसते, ती सगळ्यात स्वस्त. झोपायलाच जायचं असतं तिथं, जेवण नि डेक सगळ्यांना सारखंच. फक्त ज्याला कोंडल्यासारखं होतं त्याला आतली देऊ नका.

वयस्कर माणसं असली तर केबिन मधल्या भागात नि खालच्या मजल्यावर मागा, तिथं हलणं कमी जाणवतं, आणि लिफ्टच्या जवळ. लिफ्टला अगदी चिकटून नको, आवाज येतो. कुणाला व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. उलटीच्या गोळीचं आपापल्या डॉक्टरना विचारून ठेवा, बीपी शुगरच्या गोळ्या चालू असतात ना त्यांना. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही तर आधी घ्यायची असते.

जेवणात शाकाहारी, जैन सगळं मिळालं आम्हाला. घरचं शिजवलेलं काही आत नेऊ देत नाहीत. मी डब्यातनं शेंगा चटणी नि कडक भाकरी घेतली होती ती तपासणीत बाहेर ठेवावी लागली, जीव हळहळला. कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर चालू शकतं पण तसं आधी विचारून घ्या.

आणि तुम्ही फेब्रुवारी म्हणताय, घरात दहावी-बारावीचं कुणी नाही ना?

बाळीवेसकर

ताई तुम्ही बरोबर बोट ठेवलं बघा. मोठ्या भावाचा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला. हे डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या, वहिनी एवढे दिवस गप्प का होत्या ते आत्ता कळालं. तारीख पुढं ढकलली तर चालतं का, समुद्र कधी शांत असतो?

होटगीरोड_प्रवास

मुंबईहून सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, त्या काळात बोट पूर्व किनाऱ्याला चेन्नईकडं नेतात. बोर्ड संपल्यावर, शाळांच्या परीक्षा झाल्या की एप्रिलअखेर चांगला काळ आहे, मेच्या उत्तरार्धात नको. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी निघणारी बोट मिळाली तर रेट कमी असतो. नाताळ नि ३१ डिसेंबरच्या वाटेला जाऊ नका.

पूर्वभाग_विणकर

नावाचं एक सांगतो कारण आमच्यात हा घोळ नेहमीचा आहे. तुमच्या बाबांच्या मिलमधल्या मित्रांत आमची पद्मशाली मंडळी असतीलच. आमच्या जुन्या लोकांची नावं एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव नाही, मतदार कार्डावर स्पेलिंग वेगळं. आमच्या वडिलांचं नाव बुकिंग करणाऱ्यानं बोलण्यातनं ऐकून टाकलं होतं, आधारवर वेगळं निघालं, टर्मिनलवर ४० मिनिटं बाजूला बसवून ठेवलं. शेवटी सोडलं पण म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उतरला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच होता. त्यामुळं तोंडी नाव घेऊ नका. प्रत्येकाच्या आधारचा फोटो मागवा आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर तसंच टाका. लहान मुलांचं पण ओळखपत्र लागतं.

त्यांच्याशी बोलताना घरातल्या मुलाला पण फोन करा. आमच्यात बरेचदा पैशाचा निर्णय मुलगा घेतो नि वडील नुसते हो म्हणतात.

मुंबईत_सोलापूरकर

प्रवासाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बोट बॅलार्ड पियरच्या बाजूच्या क्रूझ टर्मिनलवरनं सुटते, सीएसएमटीपासनं टॅक्सीनं अगदी जवळ. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी उतरायचं हे उत्तम. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते नि साडेबाराच्या सुमारास पोचते, वेळेत बसतं असं वाटेल पण घाटात गाडी थांबली तर २५ जणांचा जीव टांगणीला. बोट कुणासाठी थांबत नाही. सिद्धेश्वर उशिरा आली तरी हातात चार-पाच तास राहतात. सकाळच्या वेळेला वयस्कर मंडळींना अंघोळ नि आराम करायला स्टेशनजवळ दोन-तीन खोल्या घेऊन ठेवा, प्लॅटफॉर्मवर बसवू नका.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. म्हणजे क्रूझ आधी ठरणार नि गाडी नंतर. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, म्हणून २५ जणांना पाच तिकिटं. पाच घरातली पाच पोरं सकाळी आठला मोबाइल घेऊन बसवा, एकट्यानं काढायला गेलात तर शेवटची वेटिंगला जातील.

येताना बोट सकाळी लागते, दुपारी चारच्या वंदे भारतनं रात्री अकराच्या आत घरी. फक्त बुधवारी ती मुंबईहून नसते हे बोटीची तारीख निवडतानाच बघा.

टर्मिनलवर विमानतळासारखी तपासणी असते. मोठ्या बॅगा टॅग लावून घेतात नि केबिनला नंतर येतात, कधी संध्याकाळ होते, तोपर्यंत गोळ्या, चष्मा, आधार, एक स्वेटर हातातल्या पिशवीत पाहिजे. बोट बाहेर पडली की मोबाइलची रेंज जाते, बोटीवरचं नेटवर्क पकडलं तर बिल जबर येतं, सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकून द्या. मग २५ जण एकमेकांना शोधणार कसे? रोज दोन वेळा ठरवून ठेवा, समजा सकाळी नाष्ट्याला नऊ नि संध्याकाळी डेकवर सहा.

बाळीवेसकर

एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू. आत्याचं राहिलं. तिचं सासर अलिबागकडचं. तिच्या सासऱ्यांनी रामदास बोटीचं सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यांच्या गावातली माणसं होती म्हणे त्यात. आम्ही हसण्यावारी नेत नाही पण तिला सोडून जायचं पण मनाला पटत नाही, बाबांची एकुलती बहीण आहे.

जुळे_सोलापूर_ताई

नाही हो, हसण्यावारी कसं नेणार. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरनं रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. ज्या घरानं ते पाहिलं त्या घरात भीती राहणारच. त्यांना ‘काही होत नाही’ असं म्हणू नका. त्यांच्याजवळ बसून फरक सांगा. ती आषाढी अमावास्येला, ऐन पावसाळ्यात वाऱ्यापावसात निघाली होती, बोटीवर वायरलेस नव्हतं, किनाऱ्याला बातमी पोचायलाच कितीतरी तास गेले. आत्ताच्या क्रूझच्या बोटी भर पावसाळ्यात आपल्या बाजूच्या समुद्रात जातच नाहीत, नि प्रत्येक माणसाला पुरतील एवढी लाइफ जॅकेट असतात.

आमच्या बोटीवर सुटायच्या आधी सगळ्यांना ड्रिल करायला लावलं, कुठं जमायचं, जॅकेट कसं घालायचं. इटलीजवळ २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, ३२ माणसं गेली, त्यानंतर ड्रिलचा हा नियम कडक झाला. आमच्यातल्या काही जणी ड्रिल चुकवून दुकानं बघायला निघाल्या होत्या, मी त्यांना परत आणलं. तुमच्या आत्यांना ड्रिलच्या वेळी पुढं उभं करा, स्वतः डोळ्यांनी बघितलं की धीर येतो.

मुंबईत_सोलापूरकर

अजून एक करता येईल. भाऊच्या धक्क्यावरनं मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या पण नेणारी बोट, जाते, तासाभराचा प्रवास, २०२० पासनं चालू आहे. आत्यांचं सासर तिकडंच आहे तर त्यांना एकदा त्या बोटीनं सासरी घेऊन जा. जमलं तर क्रूझ जमेल. आणि नाही जमलं तर तेव्हाच कळेल, पैसे भरायच्या आधी.

सैफुलवाला

हे रो-रोचं बेस्ट आहे. उलटी कुणाला होते ते पण कळतं.

बाळीवेसकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. तारीख एप्रिलअखेर मधल्या वाराची ठरली, पुतण्याची परीक्षा संपलेली असेल. दोन एजंटला नि कंपनीला स्वतः मेल टाकला, तिघांकडनं तारखांसकट लेखी मागितलं. एकानं तारखा द्यायला टाळाटाळ केली, त्याला सोडलं. ब्लॉक १० केबिनचा घेतला, माझी मुलगी आत्याबरोबर. टोकनची तारीख अजून लांब आहे.

बाबांच्या मित्रांकडं मी नि बाबा दोघं जाऊन आलो, चारी घरी. ताई तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. दोघं येतो म्हणाले, आतल्या केबिनमध्ये. एक काका जागेवरच म्हणाले की बाबा रे मला झेपणार नाही, आणि असं बोलले की त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. चौथ्यांच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला अप्पांना गुडघ्यामुळं जमणार नाही पण तुमच्या बाबांना वाईट वाटेल म्हणून हो म्हणाले होते. मग आम्ही ठरवलं की फेब्रुवारीत खऱ्या तारखेला घरीच चारी मित्र जोडीनं जेवायला, नि क्रूझ एप्रिलमध्ये. दोन केबिन ब्लॉकमधनं सोडून दिल्या, काही कापलं नाही. आता बरोबर ८ केबिन नि २१ जण आहोत, ग्रुप टिकला.

महिन्याची वही सुरू केली, वहिनी नि बायको दोघींचं खातं.

परवा आत्याला मांडव्याला नेऊन आणलं. जाताना डोळे मिटून माझा हात धरून बसली होती, बोललीच नाही. येताना मात्र बाहेर रेलिंगजवळ आली. रेवस कुठल्या बाजूला ते विचारलं, मी दाखवलं, तिनं हात जोडले. मग म्हणाली मोठ्या बोटीवर माझी खाट खिडकीजवळ पाहिजे, पाणी दिसलं पाहिजे मला. तर आता तिची नि माझ्या मुलीची केबिन खिडकीची करायचीय. ब्लॉकमधली एकच केबिन बदलली तर रेट बदलतो का सगळ्यांचा?

होटगीरोड_प्रवास

नाही, त्या एकाच केबिनचा फरक भरावा लागेल. नावं देण्याच्या तारखेआधी करून घ्या, नंतर खिडकीच्या शिल्लक राहिल्या नाहीत तर कुणाच्या हातात नसतं. आणि मधल्या भागातलीच मागा, पुढच्या टोकाची नको.

बाळीवेसकर

उद्या सकाळीच मेल करतो.